दुपारी बारा ते चार

शून्य लिहा जी मॅडम. उष्माघातानं मेलेले — शून्य. मागच्या उन्हाळ्यात शून्य, यंदा आजपर्यंत शून्य. ग्रामपंचायतीच्या कागदावर तेच आहे, दवाखान्याच्या कागदावर तेच आहे, मंग तुमच्याच कागदावर दुसरं काहून येईन? अन् तुम्ही भंडाऱ्याहून इतक्या उन्हात आल्या त्या मेलेले मोजाले थोडीच आल्या — खोली पाहाले आल्या, तर खोली पाहा. वर स्लॅबवर सहा सोलरच्या पाट्या आहेत, त्या इथून नाही दिसत. त्या कोपऱ्यात बॅटऱ्या, अन् ही भिंतीवरची एसीची मशीन. लाईन गेली तरी चालते. अन् लाईन जातेच, बारा वाजले का जाते, कारन सगळ्यांचे कूलर एकाच टायमाले सुरू होतात — ज्यांच्या घरी कूलर आहेत त्यांचे. स्लॅबले वरून पांढरा रंग मारला, खिडक्या विटांनी भरल्या, दाराले खालून रबर लावलं. बाहीर आज पंचेचाळीस जाईन, सकाळीच मोबाईलवर सांगत होते, अन् इथं, आज तुमच्यासाठी मशीन आधीच लावली, त्या काट्यावर पाहा — अठ्ठावीस. चांगलं चालते. चांगलं चालते असंच लिहा, कारन तुमच्या कागदावरून साकोलीकडं, सिहोऱ्याकडं अशा खोल्या द्यायच्या का नाही ते ठरते, असं आताच म्हनल्या ना तुम्ही?

मी? मी तुलाराम. चपराशी आहो ग्रामपंचायतीचा, बावीस वर्सं झाले. नळ सोडतो, दवंडी देतो, साहेब लोक आले का खुर्च्या लावतो. ही खोली झाली तेव्हा चाबी माझ्याच हाती देली. बाहीरची पाटी वाचली असन तुम्ही — ‘थंड खोली, सर्वांसाठी खुली, दुपारी बारा ते चार’ — ते माझंच अक्षर आहे. सातवीपर्यंत शिकलो, पन अक्षर चांगलं आहे. एसी इतकाच वेळ चालते ना, बॅटरी तितकीच आहे. चार वाजता बंद. मंग ज्याचं घर त्याचं.

पयल्या साली खुर्च्या नव्हत्या जी. खाली सतरंज्या होत्या, शाळेतून आनल्या होत्या, अन् ज्याले वाटलं तो येऊन बसे. म्हातारे येत, लेकुरवाळ्या येत, तेंदूपत्ता तोडाले जानाऱ्या बाया येत. त्या बाया पहाटे चारले जंगलात जातात, वाघाचं भ्या असते पन जातात, अन् अकरा-साडेअकराले पत्त्याचं बोचकं डोक्यावर घेऊन येतात — तर त्या घरी जातच नसत, थेट इथंच. बसून पुडके बांधत, सत्तर पानांचं एक पुडकं, हात चालू, तोंड चालू. कोनी तिथंच आडवं होई, घोरे. मी दाराशी बसो. कोन कोनाच्या बाजूले बसलं ते पाहाचं सुचतच नसे, कारन बाहीरून आलेल्या मानसाले अर्धा घंटा काही दिसत नाही मॅडम, डोळे मिटून नुसता बसून राहते तो. दुसऱ्या साली कोन्या चांगल्या मानसानं पंधरा खुर्च्या देल्या. आता खुर्च्या आल्या म्हंजे खुर्चीवर कोन बसन हे आलं. जे बसले ते रोजचेच झाले. मंग त्यांना खाली बसलेल्यांचे पाय आडवे येऊ लागले. पत्त्याचा वास येते म्हनले, घामाचा येते म्हनले — येते, खोटं नाही, खोली बंद आहे, वास कुठं जाईन? मारोतराव आहेत आमच्या खोलीच्या समितीचे अध्यक्ष, मानूस वाईट नाही, स्वतःची म्हातारी माय उचलून आनत ते इथं — त्यांनी मीटिंगमधी सांगतलं का बायांनी घरी जावं, आंघोळ करावी, साडी बदलावी, अन् मंग यावं, कोनाले मनाई नाही. मनाई नव्हतीच. पन त्यांची टोली, म्हंजे वस्ती, बोडीच्या तळ्याच्या पल्याड आहे, इथून एक किलोमीटर. उन्हात जा, पानी भरा, आंघोळ करा, उन्हात परत या, तोपर्यंत दोन-अडीच. मंग कोन येते? नाही आल्या. एक-एक करून नाही आल्या. रजिस्टरात पाहा तुम्ही, पयल्या साली मे महिन्यात रोज पान भरून सह्या-अंगठे आहेत, दुसऱ्या साली रोजचे बारा-तेरा, तेच ते. मीटिंगमधी मले कोनी विचारलं नाही, अन् मी बोललो नाही. चपराशी मीटिंगमधी चहा देते.

एक वच्छला तेवढी येत राहिली. बोरची हापशी आहे ना बाहीर, तिथं तोंड-हातपाय धुवे, पदर ओला करून डोक्यावर घेई, अन् दाराजवळ भिंतीले टेकून खाली बसे. खुर्ची रिकामी असली तरी खाली. तिले कोनी काही बोललं नाही. बोललं नाही म्हंजे सरकलंही नाही. साठीची असन, माझ्याहून दोन-तीन वर्सं मोठी. तुम्हाले मी कशी सांगू ती — रोवना माहीत आहे ना, धान लावतात तो? आमच्याकडं रोवन्याच्या बायांची टोळी असते, वीस-बावीस बाया, तर त्या टोळीची ती मुखीन. दोरी न लावता सरळ रांग. पुढं ती, मागं सगळ्या, अन् चिखलात वाकल्या वाकल्या अशी चाले का बाकीच्यांना धावा लागे. माझी दीड एकराची धानाची बांधी आहे, तीही तीच लावे दर साली, मी सांगतल्याबिगर येऊन उभी राहे — तुलारामभाऊ, वाफ्यातले पऱ्हे पिवळे पडून राहिले, उद्या लावतो. घरवाला नाही तिचा, डोमा त्याचं नाव, कधीचाच गेला. पोरगा हैदराबादले बिल्डिंगच्या कामावर. घरी ही अन् सून, हर्षा. घर टिनाचं. टिनाच्या घरात दुपारी काय होते ते तुम्हाले माहीत असन, नसन तर माहीत नसलेलंच बरं. भांड्याले हात लावता येत नाही. पंखा आहे, पन तो गरमच हवा फिरवते. अन् मागच्या साली या टायमाले सून आठ महिन्याची पोटुशी.

नाही, वच्छलाचं नाव लिहू नका. मी असाच बोलून राहिलो. खोलीचंच बोलून राहिलो मी.

तर मागच्या साली नवतपा लागला, सगळ्यांत तापलेले ते नऊ दिवस, त्यातला चौथा होता, सेहेचाळीस म्हनत होते. अन् दुसऱ्या दिवशी बाहीरची एक टीम येनार होती खोली पाहाले, फोटो काढाले. तुमच्यासारखीच, पन तुमची नव्हती. मारोतराव सकाळीच म्हनले, तुलाराम, आज खोली बंद ठेव, फरशी धू, खुर्च्या पूस, बॅटरी पूर्न भरू दे, उद्या ती लोकं आली अन् मशीन मधातच बंद पडली तर नाक कापलं जाईन. बरोबरच म्हनले. मी पाटीवर कागद चिपकवला — आज बंद. बंद म्हंजे सगळ्यांना बंद, मारोतरावच्या मायलेही बंद. त्यात दुजाभाव नव्हता काही. खुर्चीवाले आले, कागद वाचला, परत गेले. ज्यांच्या घरी कूलर आहेत ते कूलरखाली झोपले. वच्छलाले वाचता येत नाही.

ती आली दीडच्या सुमाराले. मी तिले सांगतलं — बाई, आज बंद आहे, उद्या टीम येऊन राहिली, चार वाजता ये, चार वाजता पाहू. ती म्हने, माझ्यासाठी नाही भाऊ. हर्षाले सकाळपासून चक्कर येऊन राहिली, उलट्या होऊन राहिल्या, तिले आनतो, तिले बसू दे, मी बाहीर बसन. मी म्हटलं चार वाजता. कारन एकाले उघडलं का वीस येतात मॅडम, हे तुम्हीही समजता, चाबी ज्याच्या हाती असते त्यालेच हे समजते. ती गेली. बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या बांधावर, पोहोचली अन् पडली. घर तिथून दोनशे पावलं.

पानी प्या तुम्ही. त्या माठातलं, चांगलं आहे, मी रोज सकाळी धुतो माठ.

काय म्हनल्या? मी कुठं होतो म्हंजे? इथंच होतो. नाही — बाहीर नव्हतो. फरशी धुतली होती ना मी अकराले. मंग ती वाळली पाहिजे. खिडक्या तर बुजवलेल्या, दार उघडं ठेवलं तर धूळ येते, तर मी जरासा एसी लावला — फरशी वाळाले. असा कमीच ठेवला. दार लावलं, आतून कडी लावली, कारन दार उघडं दिसलं का लोकं येतात. अन् मी थोडासा टेकलो. दहा मिनिट म्हटलं. चार-पाच रातीचा झोपलो नव्हतो जी, घरी लाईन जाऊन राहिली होती, आमच्या बाईले पुठ्ठ्यानं वारा घालून घालून माझा हा हात दुखत होता. तर मी इथं, हे पाहा, इथं मधात, फरशीवर लेटलो. सदरा काढून. फरशी इतकी थंडी होती का पाठीले लागली तर डोळ्याले पानी आलं. लहानपनी विहिरीत उतरलो होतो एकदा, तसं. अन् तेव्हा तिनं दार वाजवलं.

आतूनच सांगतलं मी तिले. दारातूनच. चार वाजता ये म्हटलं.

नाही जी. नाही म्हटलं.

काहीच नाही म्हटलं मी. ती बोलत होती, मी आयकत होतो. तुलारामभाऊ, तुलारामभाऊ, आहेस का अंदर? हर्षाले चक्कर येऊन राहिली, तिले आनू का? मी बाहीर बसन. हे सगळं ती लाकडाच्या दाराले बोलली. दारावर हाताची थाप मारली, जोरात नाही, जशी शेजारच्या घरची मारतात तशी. तिले वाटलं असन मी बाहीर कुठं गेलो. मी उत्तर देलं असतं तर उघडाच लागलं असतं, अन् उघडलं असतं तर तिनं पाहिलं असतं — चपराशी एसी लावून उघडा झोपला आहे. तेवढंच होतं मॅडम. दुसरं काहीच नव्हतं. ना टीम, ना बॅटरी, ना मारोतराव. मले उठाचं नव्हतं अन् मले लाज वाटत होती, अन् मी डोळे मिटून पडून राहिलो, जसा झोपेतच आहो. ती थोडा वेळ तिथंच उभी होती. दाराच्या खालच्या रबराच्या फटीतून तिच्या पायाची सावली दिसत होती, इतकुशी. मंग नाही दिसली. मंग मी खरंच झोपलो. हे खरं आहे. झोप लागली मले.

साडेतीनच्या जवळपास पोट्टे ओरडत आले का वच्छला पाळीवर पडली आहे. मी सदरा घातला, कडी काढली, धावलो. सगळ्यांत पयले मीच पोहोचलो, विचारा कोनालेही. जमीन इतकी तापली होती का तिच्या गालाले अन् दंडाले, जिकडून ती पडली होती, फोड आले होते. घाम नव्हता. अंग कोरडं, चुलीवरच्या तव्यावानी. डोळे अर्धे उघडे, काहीतरी बोलून राहिली होती, पऱ्ह्याचं बोलत होती, पऱ्हे उपटा म्हनत होती. आम्ही चौघांनी उचललं अन् कुठं न्यावं — मीच म्हटलं, थंड्या खोलीत आना. सगळे म्हनले, तुलारामनं बरोबर डोकं चालवलं. इथं झोपवलं तिले. मी तिच्या अंगावर ओले दुपट्टे टाकले, तळव्यांना बरफ चोळला, बरफ मारोतरावनं आपल्या घरून पाठवला, त्यांच्या पोरीनं, टीनानं, डब्यात भरून धावत आनला. एसी पूर्न सोडला. दवाखान्याच्या गाडीले फोन केला, गाडी दुसऱ्या गावाले गेली होती पेशंट घेऊन, तिचा काही दोष नाही, यायले तास लागला. गाडी यायच्या आधीच वच्छला गेली. गेली तेव्हा अंग थंडं पडलं होतं. बाहीर सेहेचाळीस होतं अन् ती या खोलीत थंडी होऊन मेली. डॉक्टरनं नंतर काटा लावला तर ताप निघालाच नाही, निघन कसा? म्हनले, हृदय बंद पडलं. तेच लिहिलं. चूक नाही लिहिलं जी, बंद तर पडलंच होतं. म्हनून म्हटलं मी तुम्हाले, शून्य.

हर्षाले धरून आनलं होतं बायांनी. तीही अर्धमेलीच होती, पन इथं आल्यावर तिले बरं वाटलं. सासूच्या पायाशी बसली होती, रडत नव्हती. इकडंतिकडं पाहत होती, भिंतीकडं, मशीनीकडं. मंग मले म्हने — भाऊ, दार उघडलं तेव्हा खोली पयलेच थंडी कशी होती? एवढंच. कारन मशीन लावल्यावर खोली थंडी व्हायले अर्धा-पाऊन तास लागते, हे गावातल्या लहान लेकराले माहीत आहे. तिथं पंधरा-वीस मानसं होती. कोनाच्याच ध्यानात नाही आलं, तिच्या आलं. मी बरफ चोळत होतो. मी चोळतच राहिलो. तिनं पुन्हा नाही विचारलं. त्या दिवशी नाही, तेरवीले नाही, आजपर्यंत नाही.

दुसऱ्या दिवशी टीम आलीच. तिकडं बोडीवर चिता जळत होती, इकडं फोटो काढला. फोटोत मीही आहो, मशीनीच्या खाली. मंग आठ दिवसांनी मारोतरावनंच मीटिंग बोलावली, तेच म्हनले, आंघोळ-बिंघोळ काही नाही, जो येईन तो बसन, खुर्च्या शाळेले देऊन टाका. देल्या. म्हनून तुम्हाले ही सतरंजीच दिसून राहिली. रडले मारोतराव मीटिंगमधी. त्यांना वाटते त्यांच्या नियमानं मेली. दोनदा मनात आलं का त्यांना सांगावं, तुमच्या नियमानं नाही, तुम्ही जेवत जा बरोबर. नाही सांगतलं. त्यांना तेवढं दुःख आहे तर माझ्या वाट्याचं त्यांच्याजवळच राहू देलं, असं समजा.

मले? मले काही नाही वाटत. खरं सांगतो, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही काहीतरी नाव सांगान त्याले. आमची बाई म्हनते तुम्ही उन्हात दुपट्टा नाही बांधत आजकाल, चप्पल नाही घालत. मले लागतच नाही ऊन. परवा दिवशी हापशीच्या दांड्याले हात लावला, सगळे हात मागं घेतात, मी धरूनच राहिलो, मंग पाहिलं तर फोड. थंडंही नाही लागत. मी अंदर बसत नाही म्हना. दार उघडून देतो, मशीन लावतो, अन् बाहीर ओट्यावर बसतो चारपर्यंत. आज तुमच्यासाठी आलो अंदर, वर्सभरात पयल्यांदा इतका वेळ. धान? हो, लावलं मागच्या साली. दुसऱ्या टोळीनं लावलं. वाकडं लागलं, पन पिकलं.

आता आठवड्याले दोनशेच्या वर येतात. टोलीच्या सगळ्या येतात, पत्त्यासकट. सात बाया पोटुश्या आहेत यंदा, सातही येतात, त्यांची यादी वेगळी केली मी. कोनी दार वाजवलं अन् मी नाही उठलो असं एकदाही नाही झालं, वाजवाचं कामच नाही पडत, मी दारातच असतो. हे लिहा तुम्ही. अन् ते दुसरं — तुम्ही लिहून राहिल्या होत्या का मधात? मले दिसलं नाही. लिहिलं असन तर असू द्या. खोडू नका. नाही तर खोडा. पन त्यापायी दुसऱ्या गावाची खोली अटकली नाही पाहिजे, ते पाहा. खोलीचा काही दोष नाही त्यात. मशीन चांगली आहे.

बारा वाजत आले. ते पाहा, बोडीकडून येऊन राहिल्या बाया. पुढं ती निळ्या साडीची, कडेवर लेकरू — ती हर्षा. पोरगी झाली तिले, जूनमधी, अकरा महिन्याची आहे, चांगली आहे, उर्वशी नाव ठेवलं. रोज येते. मी दार उघडून बाजूले होतो, ती माझ्याकडं पाहते, अंदर जाते, पोरीले सतरंजीवर सोडते, चार वाजता उठते, माझ्याकडं पाहते, जाते. वर्स झालं.

ती आली का मी बोलत नाही. निघा जी मॅडम तुम्ही.